दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ?

रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात रंगणाऱ्या गप्पांत अलीकडे एक समाधानाचा सूर ऐकू येतो : अमेरिकेची सद्दी संपत आली, बरे झाले! डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि जगात एकच महासत्ता उरली. तिची अरेरावी आपण पुष्कळ पाहिली. आता चीन तिच्या तोडीस येऊ पाहतो आहे आणि २०२२ साली युक्रेनवर चालून गेलेला रशिया तिला जुमानत नाही. 'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' म्हणून आपण निर्धास्त होतो. ही म्हण भीमा-नीरा या नद्यांमधल्या मुलखात, म्हणजे इंदापूर-बारामतीच्या भूमीवर, एकदा पारखून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीचा. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे तिच्याच चाकरीत इंदापूरच्या लढाईत पडले. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला आणि ती सत्ता खचली. मग मोगल आणि आदिलशाही, कधी परस्परांविरुद्ध तर कधी संगनमताने, तिचे लचके तोडू लागले. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळले. त्याच सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. अखेर १६३६ च्या तहाने दोघांनी निजामशाही वाटून घेतली आणि भीमेच्या दक्षिणेचा हा टापू आदिलशाहीकडे गेला. त्या वाटणीत इथल्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, याच पडझडीतून स्वराज्य उभे राहिले ना? होय, पण ते आपोआप उभे राहिले नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत ओस गावे पुन्हा वसवावी लागली. पडीक जमिनीवर प्रथम नाममात्र सारा ठेवून तो वर्षावर्षाने चढवत नेला, तेव्हा कुठे नांगर चालू लागले. तिसऱ्याला लाभ झाला तो घर सावरल्यावर, आणि तोवर एक पिढी भरडून निघाली होती.

आज तरी निराळे काय घडते आहे? उसाला लागणारे पालाश आपला देश जवळजवळ सगळेच बाहेरून आणतो. रशिया आणि बेलारूस हे मोठे पुरवठादार युद्धात व निर्बंधांत अडकताच त्याचे भाव जगभर भडकले. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणाऱ्या द्राक्षांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले. त्यातले निम्मे रशियाचे तेल घेतल्याची शिक्षा म्हणून. भांडण त्यांचे आणि भुर्दंड बागाईतदाराचा!

म्हणून मावळत्या धन्यासाठी रडू नये, तसेच उगवत्या धन्यापुढे आरतीही ओवाळू नये. बलवानाला नियमांवाचून चालते, दुबळ्याला चालत नाही. तेव्हा नियम वॉशिंग्टनने मोडो, मॉस्कोने वा बीजिंगने, निषेध सारख्याच आवाजात झाला पाहिजे. आणि आपल्या हाती आहे ते आधी करावे : जमिनीचा कस राखावा, परक्या खतावरची भिस्त कमी करावी, एकाच बाजारपेठेवर सारी बाग टांगू नये. एवढे न करता जो टाळ्या पिटतो, त्याला ही म्हण उच्चारण्याचा अधिकार नाही.