तार घ्यावी की वारा?

नवे घर पाहायला गेलेला आपला माणूस पूर्वी नळाला पाणी किती वाजता येते, एवढे आधी विचारी. अलीकडे या चौकशीत ‘इंटरनेट कुठले मिळते?’ या प्रश्नाची भर पडली आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ही सेवा देशात सर्वांसाठी खुली केली, तेव्हा ती चैन होती. आज मुलांचा अभ्यास, सुनेची नोकरी आणि आजोबांचे बँकेचे व्यवहार त्यावरच चालतात.

सध्या दोन विक्रेते आपले दार ठोठावत आहेत. एक म्हणतो, केसाइतक्या बारीक काचेच्या तंतूची केबल थेट घरात आणतो. दुसरा म्हणतो, खोदाई नको, केबल नको; गच्चीवर एक डबा लावतो, तो टॉवरकडून ५जी लहरी पकडेल. २०२३ साली एअरटेल आणि जिओ या दोघांनीही या दुसऱ्या सेवेचे नाव ‘एअरफायबर’ ठेवले. नाव गोंडस आहे. पण टॉवर आणि आपले घर यांच्यामध्ये फायबर नसते, नुसती हवा असते.

जाहिरातीत दोघांचाही वेग सारखाच दिसतो. खरा फरक आहे तो वाटेकऱ्यांचा. फायबरची एक शाखा साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते आणि हे वाटेकरी ठरलेले असतात. टॉवरच्या लहरी मात्र परिसरातल्या सगळ्या मोबाइलवाल्यांच्या सामाईक. रात्री नऊला सगळेच क्रिकेट पाहू लागले की चाळीतल्या सामाईक नळासारखी धार बारीक होते. शिवाय ५जीच्या लहरी जाड भिंतींपुढे दमतात, म्हणून तर तो डबा बाहेर लावावा लागतो. घरातून बाहेर माहिती पाठवण्याचा वेगही हवेत बहुधा कमीच पडतो, आणि व्हिडिओवरची मुलाखत अडखळते ती तिथेच.

तारेलाही दुखणी आहेतच. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत जलवाहिनीसाठी खोदकाम झाले, जेसीबीने केबल तोडली आणि तीन दिवस घर मुके झाले. शेजाऱ्यांच्या गच्चीवरचा डबा मात्र चालू होता. आमच्या घरातली नोकरी ते तीन दिवस त्यांच्या दिवाणखान्यात झाली.

तेव्हा माझे मत सरळ आहे. केबल दाराशी येत असेल आणि घरातून कोणी काम किंवा अभ्यास करीत असेल, तर केबल घ्यावी. अकरा महिन्यांच्या कराराचे घर असेल किंवा केबल पोचतच नसेल, तर डबा लावावा. पण पैसे भरण्याआधी तीच सेवा घेतलेल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊला जाऊन पाहावे. दोन्हींतल्या यंत्राला वीज लागते, म्हणून छोटी बॅटरी जोडावी. ‘अमर्याद’ या शब्दाखालची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत.

मला काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. हवेची सोय झाली म्हणून तार ओढण्याचे काम मागे पडू नये. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली. पुढे तिचेच नाव ‘भारतनेट’ झाले. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून डोंगरातल्या वाडीपर्यंतचे अंतरही कोणीतरी चालायला हवे. २०२०च्या टाळेबंदीत कोकणातली मुले रेंज शोधत टेकड्या चढली, हे आपण विसरलो नसू. आणि टॉवरने भरपूर द्यावे असे वाटत असेल, तर त्याच्याही पाठीला फायबरच लागते. विहिरीला झरा नसेल तर मोठा पंप बसवून काय उपयोग?

म्हणून ग्रामसभेत रस्ता आणि पाण्याच्या जोडीला केबलचाही प्रश्न विचारावा. शहरातल्या सोसायट्यांनीही एकाच कंपनीला जिना आंदण देऊ नये. दोन कंपन्यांच्या केबल आत येऊ दिल्या, तर एक तुटली तरी दुसरी असते, आणि दरही आपोआप ताळ्यावर येतात. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणातून दहा मिनिटे काढून एवढा ठराव करायला काय हरकत आहे?