चाबूक खाणारा मुलगा

सुट्टी लागली की पालक विचारतात, "मास्तर, मुलांना वाचायला काय द्यावे?" गाण्याच्या मास्तराला हा प्रश्न का, ते मला ठाऊक नाही, पण माझे उत्तर ठरलेले आहे. मार्क ट्वेनची १८८१ सालची 'द प्रिन्स अँड द पॉपर' ही कादंबरी द्यावी, आणि ती पुरी द्यावी.

कथा परिचित आहे. १५४७ सालचे लंडन. युवराज एडवर्ड व भिकाऱ्याचा पोर टॉम कॅन्टी, दोघांचे चेहरे एकसारखे. कपड्यांची अदलाबदल होते आणि एक गादीवर, दुसरा रस्त्यावर जातो. आपल्या बडोदेकरांना यात परके वाटू नये. कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली येथल्या गादीवर बसला, आणि १८९६ साली खुद्द ट्वेनही येथे येऊन गेला.

मी पाहिलेल्या दोन्ही संक्षिप्त आवृत्त्यांतून हम्फ्री मार्लो मात्र गाळला आहे. युवराज ग्रीक भाषेत चुकला की फटके बसतात ते या मुलाच्या पाठीवर. असे मुलगे खरोखर नेमले जात की नाही, याविषयी अभ्यासक साशंक आहेत. ट्वेनचा हम्फ्री फटके टळावेत म्हणून आधी विनवतो खरा, परंतु त्याची मोठी भीती वेगळीच आहे. राजाने अभ्यास सोडला तर आपली चाकरी जाईल, पोरक्या बहिणी उपाशी राहतील, ही त्याची धास्ती. तेव्हा टॉम ते पद त्याला वंशपरंपरा बहाल करतो! मुले येथे हसतात. मी दरबारी गवयाचा मुलगा. मला हसू येत नाही.

दरबार गेल्यावर वडील एका बड्या घरी शिकवणीस जात. मी तंबोऱ्यावर बसे. तेथला मुलगा समेला चुकला की वडील माझ्यावर कडाडत, "लक्ष कुठे आहे तुझे?" परतताना ते एक शब्द बोलत नसत, कधी वाटेत पेरू घेऊन देत. त्या पेरूचा अर्थ मला फार उशिरा कळला.

कोणी म्हणतील, कोवळ्या मनांना फटके, डागण्या कशाला दाखवायच्या? पण शेवट तेवढा गोड ठेवून दुःख कापले तर राजा दयाळू का झाला, हेच कळत नाही. शिवाय खऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५४७ सालीच, भटक्यांना डाग देऊन दोन वर्षे गुलाम करण्याचा कायदा झाला होता. दयाळू राजा हे ट्वेनचे स्वप्न आहे, हेही मुलांना सांगावे.

आता माझे सांगतो. गेल्या महिन्यात वर्गाला देणगी देणाऱ्या गृहस्थांचा नातू बेसूर झाला, आणि मी दटावले ते शेजारच्या, फी माफ असलेल्या मुलाला. तो बरोबर गात होता. त्याने मान खाली घातली, आणि मी पुढची तान सांगितली.

वाचकहो, सोमवारी वर्ग भरेल तेव्हा सर्वांदेखत त्या मुलाची क्षमा मागायची, असे मी ठरविले आहे. पुस्तक त्यानंतर वाचावयास घेऊ.