मधुमेह एकाचा, ताट साऱ्या घराचे

पापडीच्या बाजारात एखाद्याने 'मला शुगर निघाली' एवढे म्हणायचा अवकाश, भाजीच्या दोन जुड्या घेईपर्यंत चार सल्ले पदरात पडतात. एक म्हणतो, आता जन्मभर गोळ्या, सुटका नाही. दुसरा म्हणतो, गोळ्यांना हात लावू नकोस, अमक्याचा काढा घे, तीन महिन्यांत साखर मुळासकट जाते. तिसरा कारल्याचा रस सुचवतो, चौथा जांभळाच्या बियांची पूड. सांगणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण ज्याच्या हाती नुकताच रक्ततपासणीचा कागद आला आहे, तो बिचारा या मायेने गांगरून जातो. वैद्यकशास्त्राला गेल्या पंधरा वर्षांत जे उमगले आहे, ते या दोन टोकांच्या मधले आहे. नव्याने निघालेला 'टाइप टू' मधुमेह अनेकांच्या बाबतीत मागे रेटता येतो. तो कायमचा गेला असे मात्र समजायचे नाही. आणि हे मागे रेटण्याचे काम दवाखान्यात थोडे आणि स्वयंपाकघरात जास्त होते.

हा प्रश्न आता चार घरांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. सर्वांत जास्त प्रमाण आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. गोव्याचे ताट आणि वसईचे ताट यांत फार अंतर नाही, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा परक्याचा वाटत नाही.

आमची वसई मुळात कष्टाची आणि पोटभर भाताची. वाडीला पाणी लावायचे, केळीचे घड उतरवायचे, पानमळ्यात वाकून दिवस काढायचा, पहाटेच्या गाडीने भाजी-फुलांच्या पाट्या मुंबईला न्यायच्या आणि दुपारी परत येऊन पुन्हा वाडीत उतरायचे. अशा माणसाला तीन वाढी भात आणि वर तांदळाची भाकरी लागे, आणि ती अंगी लागण्याआधीच घामावाटे निघून जाई. आज बऱ्याच वाड्यांच्या जागी इमारती आहेत. वाडीवाल्याचा नातू वसई रोडहून लोकल पकडतो, आठ-नऊ तास खुर्चीत बसतो आणि स्टेशनवरून घरी रिक्षाने येतो. घाम गेला, ताट मात्र तेच राहिले. उलट त्यात बिस्किटे, फरसाण, पाव आणि बाटलीतले गोड पाणी यांची भर पडली.

पण सारा दोष आळसाच्या माथी मारणेही अन्यायाचे आहे. 'मी तर बारीक आहे, मला कसा झाला?' हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर पुण्याने दिले आहे. तेथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. ही बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, सरासरी २.७ किलोच्या आसपास होती. त्यांचे स्नायू आणि अवयव लहान, पण अंगावरची चरबी त्या मानाने राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून मेदयुक्त. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली, की सावध व्हावे.

पोटातली ही चरबी करते काय? ब्रिटनमधील न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी याचा उलगडा केला. खाल्लेले खर्च झाले नाही की चरबी यकृतात साठते. तेथून ती स्वादुपिंडात पोहोचते आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी सुस्तावतात. २०११ मध्ये त्यांनी ११ रुग्णांना आठ आठवडे दिवसाला अवघ्या ६०० उष्मांकांचा आहार दिला. सातच दिवसांत त्यांची उपाशीपोटीची साखर सर्वसाधारण पातळीवर आली. पेशी मेलेल्या नव्हत्या, ओझ्याखाली दबलेल्या होत्या.

मग २०१७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील साध्या दवाखान्यांत झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. मधुमेह होऊन सहा वर्षे उलटलेली नाहीत आणि इन्शुलिन सुरू झालेले नाही, असे स्थूल रुग्ण त्यात होते. काही महिने कडक मिताहार आणि नंतर वजन टिकवण्यासाठी मदत, असा तो कार्यक्रम. वर्षअखेरीस कार्यक्रम घेतलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. १५ किलो किंवा अधिक वजन उतरवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. बारीक माणसांनाही यात आशा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलर यांच्याच एका छोट्या अभ्यासात फारसे वजन नसलेल्या २० रुग्णांपैकी १४ जणांना वजन आणखी उतरवून हेच साधले.

मात्र या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शास्त्र याला 'बरा झाला' म्हणत नाही, 'रेमिशन' म्हणते. आपण त्याला माघार म्हणू. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी तिची व्याख्या ठरवली: साखरेची औषधे थांबवल्यावर किमान तीन महिने 'एचबीएवनसी', म्हणजे मागील तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.५ च्या खाली राहायला हवा. माघार घेतलेला शत्रू वेशीबाहेरच तळ ठोकून असतो. ब्रिटनच्या त्या प्रयोगात दुसऱ्या वर्षी माघारीत असलेले जे रुग्ण पुढेही देखरेखीखाली राहिले, त्यांच्यापैकी पाचव्या वर्षी सुमारे पाव जणच तसे उरले होते. वजन परतले तशी साखर परतली.

म्हणून 'मुळासकट' हा शब्द वापरणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. गोळ्या आपल्या मनाने सोडणे तर घातकच. ब्रिटनमध्ये नव्याने मधुमेह झालेल्या हजारो रुग्णांचा वीस वर्षे पाठपुरावा झाला. १९९८ साली हाती आलेले त्याचे निष्कर्ष सांगतात, की साखर सुरुवातीपासून काबूत ठेवणाऱ्यांचे डोळे आणि मूत्रपिंडे अधिक सुरक्षित राहतात. त्यानंतर आणखी दहा वर्षांनी पाहिले, तेव्हाही या लोकांत हृदयविकाराचे झटके कमी होते. सुरुवातीची ती वर्षे काढे बदलण्यात घालवली, तर हा लाभ हातचा जातो. कागद हाती आला की डोळ्यांचा दृष्टिपटल, लघवी, रक्तदाब, पायांची संवेदना हे सारे एकदा तपासून घ्यावे. कारण साखर निघाली आजची असली, तरी ती अंगात किती वर्षे मुरली आहे ते कोणालाच ठाऊक नसते.

खाण्याच्या शिस्तीचा विचार मराठी घरांत नवा नाही. कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या प्रचारातून 'दिवसातून दोनदाच जेवा' हा मंत्र गावोगावी गेला. मधले चरणे थांबते, हा त्याचा मोठा गुण. पण इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण तोडले, तर साखर एकदम खाली जाऊन तो घेरी येऊन पडू शकतो. त्याहून मागे जायचे, तर सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णाला शंभर योजने पायी चाल, गुरांमागे हिंड, विहीर खण असे सांगितले आहे. आमच्या आजोबांना हे सांगावे लागले नाही. रोजची वाडी तेच करून घेत होती.

तीन वर्षांपूर्वी माझ्याही हाती असा कागद आला. उपाशीपोटी १४८, तीन महिन्यांचा आकडा ७.६. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केले आणि घरात ताटाचा नकाशा बदलला. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ किंवा मासे, उरलेल्या पावात भात किंवा भाकरी, दोन्ही एकदम नाहीत. यासाठी कुठल्याही महागड्या दुकानात जावे लागले नाही. दुधी, पडवळ, अळू, वालाच्या शेंगा, बोंबील, मांदेली हे सारे दाराशी मिळते. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे तळ्याच्या बाजूने फेरी सुरू झाली. जेवल्यावर चालले की पायांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे ती फेरी सकाळच्या फिरण्याइतकीच मोलाची ठरते. आठ महिन्यांत नऊ किलो वजन उतरले. आज आकडा ६.२ आहे, पण सकाळची एक गोळी चालू आहे. म्हणजे व्याख्येप्रमाणे ही माघार नव्हे. तरीही ७.६ आणि ६.२ यांच्यामधले अंतर डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना नक्की कळते.

भात सोडून पोळ्यांवर आलो की झाले, असा एक समज आहे. वर उल्लेखिलेल्या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मध्ये आलेल्या पुढच्या निष्कर्षांनी तोही खोटा ठरवला. आपल्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा नाचणी-बाजरीचे पीठ एवढाच बदल केल्याने धोका कमी झालेला दिसत नाही. पिष्ट थोडे घटवून डाळी, कडधान्ये, दही यांचा वाटा वाढवला तर मात्र फरक पडतो. वजन उतरवायला पोळीदेखील मोजावीच लागते.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते सांगतो. माझ्या ताटाचा नकाशा बदलला, कारण स्वयंपाक करणाऱ्या हातांनी तो बदलला. आमच्या आळीतल्या एका काकूंनाही त्याच वर्षी मधुमेह निघाला. त्यांच्या घरात काय बदलले? सकाळच्या चहाबरोबर एक गोळी वाढली, बस. भात तेवढाच शिजतो, कारण मुलांना लागतो. काकू सर्वांच्या शेवटी बसतात, आणि तोवर भाजी-मासळी संपून पातेल्यात भात आणि आमटीच उरलेली असते. टाकायचे कसे, म्हणून तोही त्याच संपवतात. संध्याकाळी फिरायला जायचे तर नातवाचा अभ्यास आणि गॅसवरची भाजी. पुरुषाला मधुमेह झाला की घर कामाला लागते. बाईला झाला की ती एकटीच आजारी असते. चार घरे मोजून पाहा, तीन घरांत हेच आढळेल.

सणावारांचेही तसेच. आमच्या गावात नाताळचा फराळ घरोघर फिरतो, गणपतीत मोदक, ईदला शीरखुर्मा. हा शेजारधर्म आमचे वैभव आहे आणि तो टिकलाच पाहिजे. पण 'एक घ्या हो, एकाने काय होते?' हे वाक्य दहा घरांत ऐकले, की एकाचे दहा होतात. पाहुण्याने एकदा नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा आग्रह न करणे, एवढी नवी रीत पाडायला काय हरकत आहे? ज्याला साखर आहे त्याला चारचौघांत कारणे द्यावी लागू नयेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेहाची तपासणी हे सरकारचे धोरण आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत ती होते; तिचा लाभ घ्यावा. पायी चालणाऱ्याला रस्त्याच्या कडेला मोकळी जागा हवी, ही मागणीही आता आरोग्याची मागणी म्हणून केली पाहिजे.

आज रविवार. घरोघरी सारे एकत्र जेवायला बसतील. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल, तर मुलांनाही त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेव्हा पथ्याचे वेगळे पातेले चढवण्याऐवजी सर्वांसाठीच भाजी दुप्पट आणि भात निम्मा करावा. स्वयंपाक करणारीचे ताट सर्वांबरोबरच वाढावे, आणि तिच्या वाट्याची मासळी आधीच काढून ठेवावी. जेवण झाल्यावर भांडी आवरायला चार हात लागले, तर तिलाही वीस मिनिटे चालून येता येईल.