चित्रातल्या मागच्या बाईचे नाव काय?



काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण एका विद्यापीठाच्या कलादालनात गेलो होतो. जुन्या चित्रांचे प्रदर्शन होते आणि त्याला जोडून व्याख्यान होते. पडद्यावर एक चित्र आले. मधोमध दागिन्यांनी मढलेली घरंदाज बाई, आणि कडेला, उंबऱ्याबाहेर, डोक्यावर टोपली घेऊन उभी असलेली दुसरी बाई. वक्ते पाऊण तास शालूच्या जरीवर आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडावर बोलले. प्रश्नोत्तरांत आमच्यातल्या एकीने विचारले, "सर, ती बाहेरची बाई कोण?" सर म्हणाले, "ती कॉम्पोझिशनसाठी आहे. चित्राचा तोल साधायला." मागून कुणीतरी हळूच म्हणाले, "आता चित्रातही जात शोधणार का?" सभागृह हसले. आमची मैत्रीण खाली बसली.

ते हसू आम्ही विसरलेलो नाही. पण आज लिहायचे आहे ते त्या हसणाऱ्यांविषयी कमी आणि आपल्याविषयी जास्त.

हाच प्रश्न न्यूयॉर्कमध्ये एका बाईने विचारला, आणि तोही बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठात. डेनिस मरेल हे तिचे नाव. आफ्रिकन-अमेरिकन. व्यवसाय-व्यवस्थापन शिकलेली, कॉर्पोरेट जगात काम केलेली आणि नंतर कलेच्या इतिहासाकडे वळलेली. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचे 'ऑलिंपिया' हे १८६३ चे चित्र जगभर शिकवले जाते. पलंगावर पहुडलेली गोरी नग्न स्त्री आणि तिच्यासाठी फुलांचा गुच्छ घेऊन आलेली काळी मोलकरीण. दोघींनी चित्रात जवळपास सारखीच जागा व्यापली आहे. पण मरेल यांच्या वर्गात या चित्रावर चर्चा झाली ती गोऱ्या स्त्रीवर. काळ्या स्त्रीवरून नजर पुढे सरकली.

मरेल यांनी तेवढ्यावरून निषेधाचे पत्रक काढले नाही. त्यांनी पीएच.डी. केली. मानेच्या वहीत एक नोंद आहे: त्या मॉडेलचे नाव लॉर, राहण्याचा पत्ता व्हँतिमीय रस्ता, तिसरा मजला. फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १८४८ साली कायमची रद्द केली. त्यानंतर पॅरिसमध्ये काळ्या कष्टकऱ्यांची वस्ती होती, आणि लॉर त्यांच्यातलीच, मानेच्या स्टुडिओपासून फार लांब न राहणारी. मानेने तिला एकदा नव्हे, तीनदा रंगवले. त्यातले एक तर तिचे एकटीचे व्यक्तिचित्र आहे, आणि तेही जगात ओळखले गेले ते 'निग्रो बाई' अशा शीर्षकाने!

या प्रबंधातून प्रदर्शन उभे राहिले. ऑक्टोबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ कोलंबियाच्या वॉलक आर्ट गॅलरीत, आणि पुढे २०१९ मध्येच मोठ्या रूपात पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. पॅरिसमध्ये त्या निमित्ताने चित्रांची जुनी शीर्षके बदलून त्यातल्या माणसांची नावे लावली गेली. 'काळी स्त्री' म्हणून दोनशे वर्षे भिंतीवर राहिलेली एक बाई 'मादलेन' झाली. मरेल पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात क्युरेटर झाल्या आणि २०२४ मध्ये त्यांनी तिथे हार्लेम रेनेसाँवरचे मोठे प्रदर्शन उभे केले.

कोलंबियाचे कौतुक करून थांबलो तर आमचीही नजर पुढे सरकली असे होईल. ही गॅलरी ज्या नव्या परिसरात आहे तो हार्लेमच्या पश्चिम भागात आहे. त्या जागेसाठी सक्तीचे भूसंपादन पुढे आले, स्थानिक मालक न्यायालयात गेले, आणि २०१० साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते संपादन वैध ठरवले. म्हणजे काळ्या स्त्रीला भिंतीवर नाव मिळाले, आणि ती भिंत काळ्यांच्या मोहल्ल्यात अशी उभी राहिली. भिंतीवरचा सन्मान आणि जमिनीवरचा हक्क एकत्र येतातच असे नाही. आपल्याकडे स्मारकाच्या घोषणा होतात आणि शिष्यवृत्त्या अडतात, तेव्हा हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपल्याकडे या. 'कलेला जात नसते' म्हणणाऱ्यांना आम्ही 'द पीपल ऑफ इंडिया' दाखवू इच्छितो. १८६८ ते १८७५, आठ खंड, ४६८ छायाचित्रे. ब्रिटिश सरकारने काढलेल्या या ग्रंथात बहुतेक माणसांच्या फोटोखाली नाव नाही, जात आहे किंवा जमात आहे. माणूस कॅमेऱ्यासमोर बसला, त्याने श्वास रोखून धरला, आणि खाली छापले गेले ते त्याच्या जातीचे लेबल. आज अशी छायाचित्रे संग्रहालयांत 'दुर्मीळ ठेवा' म्हणून मांडली जातात. लेबल तेच राहते. आणि तरीही चित्रात जात आम्ही शोधतो म्हणे!

एक फरक मात्र नीट समजून घेतला पाहिजे. वंश आणि जात एक नव्हेत. लॉरचा रंग कॅनव्हासवर दिसतो. आपली जात रंगात दिसत नाही. ती दिसते कोण उंबऱ्याच्या आत आहे, कोण बाहेर. कुणाच्या पदराला काठ आहे, कुणाच्या हातात झाडू आहे यात. म्हणून आपले काम मरेल यांच्यापेक्षा अवघड आहे. नुसत्या नजरेने भागणार नाही, कागद लागतील.

आणि ते कागद उलटायला आपल्यातले किती जण बसले आहेत? आपली मुले-मुली वकिली घेतात, एमपीएससी करतात, समाजकार्य करतात. आम्हीही समाजशास्त्रच घेतले. कलेचा इतिहास हा एम.ए.चा विषय असतो हेच आम्हाला उशिरा कळले. 'आधी पोटाचे प्रश्न, मग गॅलरी' असे आपले ज्येष्ठ म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. पण क्युरेटर हे पगारी पद आहे. भिंतीवर काय लागेल, खालच्या पट्टीवर काय लिहिले जाईल, व्याख्यानाला कुणाला बोलावले जाईल हे तो ठरवतो. आपल्याला १४ एप्रिलच्या आठवड्यात व्याख्यानाला बोलावतात, हार घालतात, फोटो काढतात. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांची निवड समिती त्यांची. पाहुणा वक्ता होण्यात समाधान मानणे आपण कधी सोडणार?

परदेशी शिकायला गेलेले आपले कितीतरी जण कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यापाशी फोटो काढतात. जरूर काढावा, आम्हीही काढू. पण १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तिथे पोहोचलेला तो विद्यार्थी फोटोसाठी गेला नव्हता. (ज्या सयाजीरावांनी ही शिष्यवृत्ती दिली, त्यांच्याच राजवाड्यासाठी राजा रविवर्म्याने चित्रे काढली. त्या चित्रांच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांवर प्रबंध लिहायला बडोद्याहून चांगली जागा कोणती?) त्या पुतळ्यापासून वॉलक गॅलरी साधारण अकरा रस्ते उत्तरेला आहे. तिथवर चालत जावे.

आणि जे मुंबईत आहेत त्यांच्यासाठी काम जवळच आहे. १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची चित्रे जपलेली आहेत. कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणारी माणसे बहुतेक कष्टकरी वस्त्यांतली असतात. त्यांना बसण्याचे पैसे दिले गेले असतील तर हजेरीपट असेल, व्हाउचरवर सही किंवा अंगठा असेल. मानेची वही खासगी होती. ही दप्तरे सरकारी संस्थेची आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. अर्जाचा मसुदा आम्ही तयार करत आहोत. त्यात पहिला मुद्दा असा: "चित्रवर्गात मॉडेल म्हणून बसलेल्या व्यक्तींची नावे, पत्ते व त्यांना दिलेल्या मानधनाच्या जपून ठेवलेल्या सर्वात जुन्या नोंदी पाहण्यासाठी उपलब्ध करून द्याव्यात."