जागच्या जागी सायकल!

दोस्तांनो, चालती सायकल का पडत नाही? उत्तर ठरलेलं : "ती पुढे जात असते म्हणून!" मग आता ही गंमत ऐका. एक सायकलपटू खोलीत जोरजोरात पायडल मारतोय, पण सायकल इंचभरही पुढे जात नाही. तिला स्टँड नाही, कुणी धरलेलंही नाही. तरी ती पडत नाही!

हा रोलरवरचा सराव. बाहेर बर्फ पडत असलं, किंवा शर्यतीआधी अंग गरम करायचं असलं, की सायकलपटू तो करतात. एका चौकटीत तीन गुळगुळीत रोलर असतात. पोळीच्या लाटण्याचे थोरले भाऊच म्हणा ना! मागचं चाक दोन रोलरांच्या मधे टेकतं, पुढचं तिसऱ्यावर. पायडल मारलं की मागचे रोलर फिरतात आणि त्यांना जोडलेला पट्टा पुढचा रोलर फिरवतो. त्यामुळे पुढचं चाकही फिरतं.

खरी मेख या पट्ट्यातच आहे! तो काढला, तर मागचं चाक भन्नाट फिरेल, पण पुढचं थांबेल आणि तोल सांभाळणं महाकठीण होईल. असं का? सायकल डावीकडे कलली, की आपण नकळत हँडल डावीकडेच वळवतो. फिरणारं चाक त्या बाजूला सरकतं आणि कलणाऱ्या वजनाखाली पुन्हा येतं. थांबलेलं चाक नुसतं वळेल, सरकणार नाही.

"पण चाकं भोवऱ्यासारखी फिरतात, म्हणून तोल राहतो ना?" २०११ साली अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक छोटी सायकल दाखवली. तिच्यात उलटी फिरणारी जादा चाकं लावून भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला होता. तरी ढकलून दिल्यावर ती स्वाराशिवाय, न पडता धावली. कारण कलेल तिकडे ती आपोआप वळायची!

तुम्हीही करून पाहा. तळहातावर लांब काठी उभी धरा. काठी जिकडे झुकेल, तिकडेच हात न्यावा लागतो ना?

आता धाकट्या भावंडाला सायकल शिकवताना आपण काय ओरडतो? "हँडल सरळ धर!" तो बिचारा ते घट्ट आवळतो आणि धप्पकन पडतो. यापुढे मोकळ्या मैदानात, मोठ्यांच्या देखत त्याला सांगा, "हात सैल सोड. जिकडे पडतोयस, तिकडेच थोडं वळव." बघा, गुडघे कमी फुटतील!