फोटोत मुलं दिसली पाहिजेत

प्रशिक्षणातल्या चहाबद्दल मागे लिहिलं, तेव्हा निम्मा तालुका माझ्यावर रुसला होता. म्हणून आधीच सांगून टाकते, या वेळचा चहा फक्कड होता. विषय होता डिजिटल नागरिकत्व. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी यावं असा निरोप होता, म्हणजे आमच्या शाळेतून मीच. इतिहास, भूगोल आणि पोषण आहाराची नोंदवहीही माझ्याकडेच आहे, पण ते रडगाणं तुम्हाला पाठ झालंय.

विषय कामाचा, यात वाद नाही. माइक रिबल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने डिजिटल नागरिकत्वाचे नऊ घटक मांडलेत, ते समजले. खात्यातून पैसे गेले तर रडत न बसता आधी १९३० ला फोन लावायचा, कारण उशीर होईल तसे ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत जातात, हेही नीट समजलं. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर आईवडिलांची संमती घ्यावी, आणि ती खरोखर त्यांचीच आहे याची खात्री करावी, असं त्यात म्हटलंय. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

तक्रार वेगळीच आहे. दुपारपर्यंत कानावर फक्त ‘नका’ पडत होतं. पासवर्ड सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, आलेलं पुढे ढकलू नका, वाद घालू नका. रिबल यांच्या नऊ घटकांत हक्कसुद्धा आहेत हो! पण ती स्लाइड नेमकी जेवणाच्या वेळेला आली आणि सर्रकन निघून गेली. राज्यघटना शिकवताना मी हक्क आधी घेते. मूलभूत कर्तव्यं घटनेतही मागाहूनच आली, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने. नागरिकत्वाच्या नावाखाली नुसती कर्तव्यांची यादी वाचायची असेल तर त्याला शिस्तीचा तास म्हणावं, माझं काही म्हणणं नाही.

‘पोस्ट करण्याआधी विचार करा’ या वाक्यावर तर मला राहवेना. नववीच्या वर्गात मी दरवर्षी पालघरची गोष्ट सांगते. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, सगळं बंद होतं. त्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर प्रश्न उभा केला, मैत्रिणीने तो लाइक केला, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. मुलं इथे हमखास मला थांबवतात. “लाइक केलं म्हणून, मॅडम?” हो, लाइक केलं म्हणून. मग श्रेया सिंघल ही तिसरीच मुलगी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि या प्रकरणात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. ही गोष्ट सांगते त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठत नाही. प्रशिक्षणात हे सुचवून पाहिलं. “मॅडम, तो कायद्याचा भाग झाला,” असं उत्तर मिळालं. आता नागरिकत्वातून कायदा वगळला की मागे काय उरतं, ते मी चहाच्या वेळी विचारणार होते, पण चहा खरंच चांगला होता.

‘कुणाचाही फोटो परवानगीशिवाय टाकू नका’ ही स्लाइड पडद्यावर असतानाच फोन थरथरला. ग्रुपवर निरोप: ‘उद्या वृक्षारोपणाचे जिओ टॅग फोटो १०० टक्के शाळांनी टाकावेत. विद्यार्थ्यांचे चेहरे स्पष्ट दिसावेत.’ शेजारच्या गुरुजींनी मान वर न करता अंगठा टाकला. सवयच आहे ती. हात धुवा दिन, योग दिन, जंतनाशक गोळीचा दिवस. त्या दिवशी तर पोरं जिभेवर गोळी ठेवून ‘आ’ करून उभी असतात आणि आम्ही फोटो काढतो. २०१६ साली सरकारने दहा-दहा मुलांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ पोर्टलवर चढवायला सांगितलं होतं, आठवतंय? शिक्षकांनी बोंब ठोकली तेव्हा ते बारगळलं. बोंब अर्थात आमच्या कामाच्या ओझ्याची होती. चेहरे मुलांचे आहेत, त्यांना विचारावं, असं त्या गदारोळात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही रोपं लावली. मी फोन काढला तशी सातवीतली एक मुलगी हातातली बादली खाली ठेवून म्हणाली, “मॅडम, हा फोटो कुठं जातो?”

“ग्रुपवर.”

“त्यात कोण कोण असतं?”

बरेच जण असतात, म्हटलं. सगळ्यांना मीही ओळखत नाही.

“मग ते नंतर काढून टाकतात का?”

काही जणांच्या फोनमध्ये तो आपोआप गॅलरीत जाऊन बसतो, हे मी तिला सांगितलं. तिने जरा विचार केला. “मग मला नको,” म्हणाली, बादली उचलली आणि हातपंपाकडे गेली. रागावून नाही, लाजूनही नाही. भाजी नको म्हणावं तितक्या सहज. तिच्या मागोमाग आणखी दोघी गेल्या. मग एका मुलाने विचारलं, “नको म्हटलं तर चालतं?”

चालतं, म्हटलं. उरलेली पोरं मात्र उत्साहाने दात काढून उभी राहिली, त्यांना काय त्याचं! पण घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचेही चेहरे घ्यावेत असं मला वाटेना. मी रोपांचे फोटो काढले. कडुनिंब, करंज, एक आवळा. चिखलात मुलांच्या चपलांचे ठसे स्पष्ट आलेत, अक्षांश-रेखांश खाली छापलेत, वेळ आहे, तारीख आहे. ग्रुपवर टाकले.

संध्याकाळी फोन आला.

“मॅडम, फोटोत मुलं नाहीत.”

“कालच्या प्रशिक्षणात सांगितलं ना, परवानगी लागते म्हणून.”

“ते प्रशिक्षण वेगळं, हे अभियान वेगळं.”

“पाठमोरी मुलं चालतील का?”

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. “वर विचारून सांगतो.”

वरून अजून काही आलेलं नाही. दरम्यान प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची लिंक आली आहे. ती उघडण्यासाठी वर्गात डिजिटल नागरिकत्व शिकवतानाचा, विद्यार्थ्यांसह, एक फोटो जोडायचा आहे.