गर्भपिशवी गेली, पुढे काय?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा 2019 पासून बहुतांशी आकड्यांभोवतीच फिरत राहिली आहे. त्या वर्षी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या पाहणीत 82 हजार 309 स्त्रियांपैकी 13 हजार 861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कारणेही आता सर्वश्रुत आहेत. मुकादमाकडून घेतलेली उचल, एका खाड्यापायी होणारी कपात, फडात ना पाणी ना आडोसा, आणि अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला दाखविली जाणारी कर्करोगाची भीती.

शस्त्रक्रियेनंतर शरीरात काय घडते, याची वाच्यता मात्र क्वचितच होते. बीजांडकोष शाबूत ठेवले, तर इस्ट्रोजेन या संप्रेरकाची निर्मिती चालू राहते. तरीही ते नेहमीपेक्षा लवकर निकामी होऊ शकतात. बीजांडकोषही काढले, तर पंचेचाळीस-पन्नाशीत सावकाश येणारी रजोनिवृत्ती तिशीतल्या बाईवर एकाएकी लादली जाते. अंगाची लाहीलाही, निद्रानाश हे लगेच जाणवते. हाडांची झीज आणि हृदयविकाराचा वाढता धोका उशिरा. माकडिणींवरील प्रयोगांतही बीजांडकोष काढल्यानंतर हाडे विरळ झाल्याचे दिसले आहे. इथे तर त्याच हाडांवर उसाची मोळी पेलून ट्रकवर चढायचे असते.

पुरुषांच्या बाबतीत वैद्यक अधिक सावध दिसते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची वाढ पुरुषी संप्रेरकांवर पोसली जाते, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये रुग्णांचे वृषण काढून दाखविले. 1966 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण केवळ वयोमानाने प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला आज प्रथम गोळ्याच दिल्या जातात. वृषण काढण्याचा सल्ला त्याला कोणी देत नाही.

बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीचा आदेश राज्यांना दिला. या उपायांचा रोख पुढील शस्त्रक्रिया रोखण्यावर आहे, आणि तो योग्यच. परंतु ज्यांची गर्भपिशवी आधीच गेली, त्यांना हाडांची तपासणी, कॅल्शियम आणि गरजेनुसार संप्रेरकांचे उपचार कोण देणार? दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघण्यापूर्वी होणाऱ्या आरोग्य तपासणीत बीजांडकोष शिल्लक आहेत की नाहीत, एवढा एक रकाना घातला, तरी त्या स्त्रियांची यादी हाती येईल.